पूर्वनियुक्ती म्हणजे कपाळावरचं लिखाण का? चार बैठकांच्या अभ्यासासाठी मदत हवी

सातपुडा_पायथा
नवापूरकडच्या एका मंडळीत बुधवारी बायबल अभ्यास असतो. वीसेक माणसं: निम्मे शेतकरी, काही कॉलेजची मुलं, दोन शिक्षक. पौलाच्या रोमकरांस पत्रात ८:२९-३० पाशी गाडं अडलंय. 'अगाऊच नेमून ठेवले' हे शब्द आले की अर्धी बैठक म्हणते, "नशीबमा जे लिखेल शे तेच व्हई, मंग हाई नवं काय?" उरलेली अर्धी विचारते की सगळं ठरलेलंच असेल तर सुवार्ता सांगायची कशाला. पुढच्या चार बैठका याच विषयाला दिल्या आहेत, प्रत्येकी ७५ मिनिटं. कुठून सुरुवात करावी आणि काय टाळावं?

गिरणाथडी
सुरुवात शब्दापासून करा, सिद्धांतापासून नको.

मूळ ग्रीक क्रियापद 'प्रोओरिझो'. 'प्रो' म्हणजे आधी, 'होरिझो' म्हणजे हद्द आखणं, ठरवून देणं. नव्या करारात ते फक्त सहा वेळा येतं: प्रेषितांची कृत्ये ४:२८, रोमकर ८:२९ आणि ८:३०, १ करिंथकर २:७, इफिसकर १:५ आणि १:११. ही सहा वचनं फळ्यावर लिहा आणि प्रत्येकापुढे एकच रकाना ठेवा: 'कशासाठी ठरवलं?' तो बैठकीकडूनच भरून घ्या. कृत्यांमध्ये ख्रिस्ताचं मरण. रोमकरांत पुत्राच्या प्रतिरूपाचं होणं आणि त्याला जोडून पाचारण, नीतिमान ठरवणं, गौरव. करिंथकरांत देवाचं गुप्त ज्ञान, तिथे तर त्या क्रियापदाचं कर्मही माणूस नाही. इफिसकरांत दत्तकपण आणि वारसा.

रकाना भरला की लोकांच्या आपोआप लक्षात येतं की लग्न कोणाशी होणार, कापसाला भाव किती मिळणार, मरण कधी येणार, यातलं काहीच त्यात नाही. सटवाई पाचव्या-सहाव्या रात्री येऊन जे लिहिते ते प्रसंगांचं लिखाण. पौलाचा शब्द शेवटचा मुक्काम सांगतो, वाटेतले खड्डे नाही.

दुसरं, 'प्रारब्ध' आणि 'संचित' हे शब्द बैठकीत चुकूनही वापरू नका. प्रारब्ध म्हणजे आधीच्या कर्माचं फळ. रोमकर ९:११ नेमकं उलट सांगतं: याकोब आणि एसाव ही मुलं जन्मलीही नव्हती, त्यांनी बरंवाईट काहीच केलं नव्हतं, तेव्हाच निवड झाली. कर्माचा हिशोब बाजूला सारायलाच पौल हा शब्द आणतो, आणि आपण अनुवादाच्या सोयीसाठी तोच हिशोब मागच्या दाराने आत घेतो.

भुसावळ_यार्ड
सहा वचनांत नरक कुठेच नाही, हेही त्याच रकान्यातून दिसेल. पण त्यावरून लगेच निकाल देऊ नका. 'नाशासाठी नेमणूक' मानणारे या सहा वचनांवर विसंबत नाहीत, ते रोमकर ९:२२, १ पेत्र २:८ आणि यहूदा ४ दाखवतात. बैठकीत ती वाचलेला एक जण तरी निघतोच.

केळीचा_लोंगर
गिरणाथडी भाऊंचं शब्दापुरतं पटलं. पण ८:२९ मध्ये 'नेमले'च्या आधी आणखी एक क्रियापद आहे, 'पूर्वज्ञान होते', आणि सगळं भांडण तिथेच आहे. देवाने आधी पाहिलं की हा माणूस विश्वास ठेवील, आणि म्हणून त्याला नेमलं. मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या वेस्लीच्या परंपरेतले आम्ही असंच वाचतो. वेस्लीने १७३९ मध्ये 'मुक्त कृपा' या विषयावरचा उपदेश छापला, आणि त्यावरून व्हाइटफील्ड या जुन्या मित्राशी त्याची उघड फारकत झाली. त्याचा मुद्दा साधा होता: निवडलेले तरणारच आणि न निवडलेले बुडणारच असतील, तर उपदेश दोघांच्याही कामाचा नाही. शिवाय देवाला कोणाचा नाश नको असं सांगणाऱ्या १ तीमथ्य २:४, २ पेत्र ३:९, यहेज्केल ३३:११ यांचं काय करायचं?

गिरणाथडी
ताई, 'प्रोगिनोस्को' हे क्रियापद नव्या करारात पाच ठिकाणी आहे. कृत्ये २६:५ आणि २ पेत्र ३:१७ इथे साधा अर्थ: आधीपासून ठाऊक असणं. पण रोमकर ११:२ मध्ये 'ज्या आपल्या लोकांचे देवाला पूर्वज्ञान होते त्यांना त्याने टाकले नाही' या आशयाचं वाक्य आहे. तिथे 'त्यांच्याबद्दल माहिती होती' असं वाचलं तर अर्थच लागत नाही, कारण माहिती तर त्याला मिसरी लोकांचीही होती. १ पेत्र १:२० मध्ये ते ख्रिस्ताबद्दल आहे. यामागे इब्री भाषेतलं 'ओळखणं' आहे, आमोस ३:२ सारखं: पृथ्वीवरल्या सगळ्या कुळांपैकी फक्त तुम्हांला ओळखलं. म्हणजे आपलं मानलं. आणि ८:२९ मध्ये कर्म 'ज्यांना' आहे, 'ज्यांचा विश्वास' नाही.

केळीचा_लोंगर
'विश्वास' हा शब्द त्या वचनात नाही, मान्य. पण 'आपलं मानलं' हाही नाही, तो तुम्ही आमोसातून आणलात. १ पेत्र १:२ मध्ये निवड 'पूर्वज्ञानानुसार' झाली असं आहे. पूर्वज्ञान म्हणजेच निवड असेल, तर पेत्र 'निवडीनुसार निवड' म्हणतोय. ते काही जमत नाही.

गिरणाथडी
'आधीपासूनच्या ममतेनुसार निवड' असं वाचलं की जमतं. पण तुमचा नेम चांगला आहे. ही गाठ व्याकरणाने सुटत नाही, एवढं बैठकीत प्रामाणिकपणे सांगायला हवं.

भुसावळ_यार्ड
दाखल्यांबद्दल बोलतो, कारण शेतकरी बैठकीत दाखल्याशिवाय पान हलत नाही, आणि विषय बिघडतो तोही दाखल्यामुळेच.

पहिला नेहमीचा दाखला वेळापत्रकाचा. अमुक गाडी भुसावळला अमुक वाजता येणार हे मला ठाऊक आहे, म्हणून ती मी आणली असं होत नाही. पूर्वज्ञान आणि जबरदस्ती वेगळी, हे समजवायला उपयोगी. मोडतो कुठे? देव फलाटावर उभा असलेला प्रवासी नाही. रूळ, इंजिन आणि वेळ, तिन्ही त्याचीच. गाडी निर्माण करण्याआधीच ती कुठे जाणार हे त्याला ठाऊक असेल आणि तरीही त्याने ती निर्माण केली, तर 'फक्त ठाऊक होतं' एवढ्याने सुटका होत नाही. अर्मिनियन मांडणीला, म्हणजे वेस्लीसारखं वाचणाऱ्यांना, हा प्रश्न चुकवता येत नाही.

दुसरा दाखला केबिनमधून सांधे बदलण्याचा: देव मार्ग लावतो, गाडी त्या मार्गाने जाते. इथे माणूस मालगाडीची वाघिण, म्हणजे नुसता डबा होतो. तिला इच्छा नाही आणि दोषही नाही. सोळाव्या शतकातल्या कॅल्व्हिनला मानणाऱ्या मंडळ्यांचे कबुलीजबाबही (विश्वासाची अधिकृत निवेदनं) असं म्हणत नाहीत. वेस्टमिन्स्टरच्या कबुलीजबाबात (१६४६) तिसऱ्या अध्यायाचा पहिलाच परिच्छेद सांगतो की देवाच्या ठरवण्याने तो पापाचा कर्ता होत नाही, त्याने निर्माण केलेल्यांच्या इच्छेवर जुलूम होत नाही, आणि दुय्यम कारणांचं (देवाखालच्या माणसांचं आणि गोष्टींचं) स्वातंत्र्य जात नाही तर पक्कं होतं.

मग दाखला कुठला घ्यावा? बाहेरचा नको, कृत्ये २७ घ्या. पौलाचं जहाज वादळात सापडतं. वचन २२: जीव कोणाचाही जाणार नाही, हे देवदूताकरवी ठरलेलं. वचन ३१: खलाशी होडी सोडून पळू बघतात, तेव्हा पौल शताधिपतीला म्हणतो, हे जहाजात राहिले नाहीत तर तुमचा बचाव व्हायचा नाही. जहाजावर २७६ माणसं होती आणि सगळी किनाऱ्याला लागली. शेवट ठरलेला, आणि दोर कापण्याचं कामही त्या ठरण्यातलंच. 'मग सुवार्ता कशाला' याचं उत्तर इथे आहे. त्याला कृत्ये १८:९-१० जोडा. 'या नगरात माझे पुष्कळ लोक आहेत' असं ऐकल्यावर पौल करिंथात स्वस्थ बसला नाही, दीड वर्ष शिकवत राहिला.

दोंडाईचा_नाका
कॅथलिक बाजू कोणी मांडली नाही म्हणून लिहितो. पूर्वनियुक्ती हा कॅल्व्हिनचा शोध आहे असं मंडळीत सर्रास ऐकू येतं, ते खरं नाही. माणूस स्वतःच्या बळावर चांगलं वागू शकतो असं शिकवणाऱ्या पेलाजियसशी झालेल्या वादातून ऑगस्टीनने (३५४–४३०) ही मांडणी केली. त्याचा मुद्दा असा की विश्वासाची सुरुवातसुद्धा देवाचं दान आहे. ५२९ च्या ऑरेंज परिषदेने कृपेबद्दलचं त्याचं म्हणणं उचललं, पण देवाने कोणाला वाईटासाठी नेमलं असं मानणाऱ्यांचा धिक्कारही केला. नवव्या शतकात गॉटशाल्क नावाच्या मठवासीने दुहेरी नेमणूक (काहींची तारणासाठी, काहींची नाशासाठी) शिकवली, तेव्हा ८४८ मध्ये माइन्झला आणि ८४९ मध्ये कीर्झीला त्याला दोषी ठरवलं. थॉमस अक्विनासने यावर अख्खा एक प्रश्न लिहिला आहे, पहिल्या भागातला २३ वा.

ट्रेंट परिषदेने १५४७ मध्ये आणखी एक गोष्ट पक्की केली: विशेष प्रकटीकरण असल्याखेरीज 'मी निवडलेल्यांत नक्की आहे' असं कोणी ठामपणे म्हणू नये. आजचा कॅथलिक धर्मशिक्षा ग्रंथ परिच्छेद ६०० मध्ये म्हणतो की देवाला सगळा काळ एकाच वेळी समोर असतो आणि त्याच्या योजनेत प्रत्येकाचा मोकळा प्रतिसाद धरलेला असतो. परिच्छेद १०३७ मध्ये स्पष्ट आहे की देव कोणालाही नरकासाठी नेमत नाही.

आमच्या घरातही भांडण झालंच. जेझुइट मोलिनाचं पुस्तक १५८८ चं. कोणत्या परिस्थितीत कोण काय करील हेही देवाला ठाऊक असतं, हा त्याचा धागा. डॉमिनिकन हा दुसरा संन्यासी संघ चिडला, रोममध्ये १५९८ ते १६०७ चौकशी चालली, आणि पोपने निकाल असा दिला की दोघांनी एकमेकांना पाखंडी म्हणायचं नाही. नऊ वर्षं चालून निकाल राखून ठेवलेला खटला आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही!

सातपुडा_पायथा
सगळ्यांचे आभार. दोन अडचणी आहेत. कॉलेजच्या मुलांनी इंटरनेटवरून 'ट्यूलिप'चे, म्हणजे कॅल्व्हिनवादाचे म्हणून सांगतात ते पाच मुद्दे आणलेत आणि सगळा विषय त्यातच आहे असं त्यांना वाटतं. आणि एक बाई मागे बसून दर वेळी एकच विचारतात: मी निवडलेली आहे की नाही, हे मला कसं कळणार?

गिरणाथडी
आधी ट्यूलिप. नेदरलँडमध्ये अर्मिनियस १६०९ मध्ये वारला. पुढच्या वर्षी त्याच्या अनुयायांनी पाच कलमांचा अर्ज दिला. त्याला उत्तर म्हणून डॉर्टचा सिनड (मंडळ्यांची धर्मसभा) १३ नोव्हेंबर १६१८ ते २९ मे १६१९ बसला. पाच मुद्दे आले ते अर्जाची कलमं पाच होती म्हणून. कॅल्व्हिन १५६४ मध्येच गेला होता, त्याने असे पाच मुद्दे कधी मांडले नाहीत. डॉर्टच्या नियमांचा क्रमही फुलाच्या स्पेलिंगचा नाही: आधी निवड, मग ख्रिस्ताचं मरण, मग भ्रष्टता आणि पालट एकत्र, शेवटी टिकून राहणं. इंग्रजी आद्याक्षरांचं फूल विसाव्या शतकातलं. मराठीत ती अक्षरं जुळतही नाहीत, म्हणून जुळवत बसू नका.

मुलांना दोन कागद शेजारी ठेवून वाचायला लावा. अर्जाचं तिसरं कलम म्हणतं की माणसाजवळ स्वतःची तारक कृपा नाही, पवित्र आत्म्याने नवा जन्म दिल्याशिवाय त्याला खरं चांगलं काही करता येत नाही. म्हणजे 'अर्मिनियन लोक स्वतःच्या बळावर तरतात' हा आरोप खोटा. डॉर्टच्या दुसऱ्या भागातलं तिसरं कलम म्हणतं की ख्रिस्ताचं मरण सगळ्या जगाच्या पापांना पुरून उरेल इतकं आहे, आणि पाचवं म्हणतं की वचन सगळ्यांना, भेद न करता सांगावं. म्हणजे 'कॅल्व्हिनवादी सुवार्ता सांगत नाहीत' हाही खोटा. ताईंना वेस्लीच्या मुद्द्यावर माझं उत्तर हेच.

आता त्या बाई. हा प्रश्न जुना आहे आणि त्याचं उत्तर देण्याची वाटही जुनी आहे: 'निवडलेल्यांच्या यादीत डोकावू नका.' कॅल्व्हिनच्या 'ख्रिस्ती धर्माच्या संस्था'च्या १५५९ च्या आवृत्तीत हा विषय तिसऱ्या पुस्तकात, २१ ते २४ या अध्यायांत येतो. विश्वास, नीतिमान ठरणं, प्रार्थना हे सगळं होऊन गेल्यावर. सुरुवातीलाच तो बजावतो की कुतूहलाने इथे घुसणारा चक्रव्यूहात अडकेल. आणि २४ व्या अध्यायात म्हणतो की आपली निवड पाहायचा आरसा ख्रिस्त आहे. डॉर्टचं पहिल्या भागातलं १६ वं कलम तर अशाच माणसांसाठी आहे: ज्यांना जिवंत विश्वास अजून जाणवत नाही पण जे प्रार्थना, वचन, संस्कार ही साधनं वापरताहेत, त्यांनी 'नाकारलेले' हा शब्द ऐकून घाबरू नये.

म्हणून त्यांना 'तुम्ही निवडलेल्या आहात' असं छातीठोक सांगू नका, तो अधिकार पाळकालाही नाही. 'ख्रिस्ताकडे यायची इच्छा आहे का?' एवढंच विचारा. योहान ६:३७ वाचा. एकाच वचनात दोन्ही आहे: पित्याने दिलेले येतील, आणि येणाऱ्याला घालवून देणार नाही. पहिल्या अर्ध्यावर वाद घालता येतो. दुसऱ्याला धरून झोप लागते.

केळीचा_लोंगर
या उत्तरावर वेस्लीवालीचीही सही घ्या. पण एक भीती सांगते. अशा प्रश्नामागे पुष्कळदा दुसराच प्रश्न असतो: बाळ गेलेलं असतं, किंवा नवरा विश्वासाविना गेलेला असतो. तिथे रोमकर ९ उघडू नका. बैठकीनंतर घरी जा.

गिरणाथडी
बरोबर. बाळाबद्दल विचारलंच, तर डॉर्टचं पहिल्या भागातलं १७ वं कलम विश्वासी आईबापांना सांगतं की बालपणी गेलेल्या लेकराच्या निवडीबद्दल शंका धरू नका. बाकीच्यांबद्दल कलम गप्प आहे, आपणही गप्प राहावं.

दोंडाईचा_नाका
अजून एक गल्लत. गारपिटीने केळी झोपली, की लोक म्हणतात 'देवाने आधीच नेमलं होतं'. तो प्रश्न पूर्वनियुक्तीचा नाही, देवाच्या पालनाचा आहे. १५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीत १२९ प्रश्न आहेत. पाऊस आणि दुष्काळ, सुगी आणि नापिकी यांची गोष्ट २७ व्या प्रश्नात, पालनाखाली येते. निवडलेल्यांचा उल्लेख ५२ व्या प्रश्नात आणि मग ५४ व्यात, मंडळीबद्दल बोलताना येतो, तोही ओझरता. सुधारित (कॅल्व्हिनच्या वळणाच्या) परंपरेतली इतकी गाजलेली प्रश्नोत्तरी या विषयावर इतकी कमी बोलते, हे मला कॅथलिक असूनही आवडतं.

भुसावळ_यार्ड
बैठकांची आखणी सुचवतो. पहिली: सहा वचनं, रकाना, सटवाईशी फरक. त्यानंतर इफिसकर १:३-१४ मोठ्याने वाचा. ग्रीकमध्ये हे सगळं एकच लांबलचक वाक्य आहे. 'ख्रिस्तामध्ये', 'त्याच्या ठायी' हे किती वेळा येतं ते पेन्सिलीने मोजायला लावा, दहाएक वेळा सापडेल. एवढ्यात तास भरतो.

दुसरी: रोमकर ८:१८-३९ सलग. २९-३० ही वचनं दुःख आणि कण्हणं यांच्या मध्ये बसलेली आहेत, हे दिसलं पाहिजे. संकटात असलेल्यांना धीर द्यायला लिहिलेला मजकूर आपण परीक्षेचा पेपर करून ठेवलाय.

तिसरी: पूर्वज्ञानाचा वाद, दोन्ही बाजू, आणि कृत्ये २७. वेळ घड्याळ लावून वाटा: प्रत्येक बाजूला २० मिनिटं. नाहीतर ज्याचा आवाज मोठा त्याचं देवज्ञान खरं ठरतं.

चौथी: रोमकर ९, १० आणि ११ एका दमात. ३३, २१ आणि ३६ अशी ९० वचनं आहेत, वाचायला पंधराएक मिनिटं लागतात. सगळी पडझड ९:२३ ला थांबल्यामुळे होते. १०:१३ मध्ये 'जो कोणी' येतो, ११:३२ मध्ये 'सर्वांवर दया' येते, आणि पौल शेवटी उत्तर देत नाही, स्तुती करतो. याकोब-एसाव इथे आले की उत्पत्ती २५:२३ आणि मलाखी १:२-३ काढा. दोन्हीकडे राष्ट्रांचीही गोष्ट आहे. ती फक्त राष्ट्रांचीच आहे की माणसांचीही, यावर विद्वान भांडतात. फारोचं मन कठीण झालं तेही पाहा: निर्गम ८:१५ आणि ८:३२ मध्ये त्याने स्वतः केलं, ९:१२ मध्ये परमेश्वराने.

गिरणाथडी
चौथीत एक व्याकरण जरूर दाखवा. रोमकर ९:२३ मध्ये दयेच्या पात्रांबद्दल म्हटलंय की देवाने ती गौरवासाठी 'आधीच तयार केली'. कर्तरी क्रियापद, कर्ता देव. ९:२२ मध्ये रागाची पात्रं नाशासाठी 'तयार झालेली' आहेत, तिथे कर्ता सांगितलेला नाही आणि 'आधी' हा उपसर्गही नाही. पौलाने दोन्ही बाजू एका मापाने मोजल्या नाहीत. १५७७ च्या लुथरन 'एकमताच्या सूत्रा'तलं ११ वं कलम याच बाजूचं आहे: निवड फक्त देवाच्या लेकरांची, नाश माणसाच्या नकारामुळे. कॅल्व्हिन पुढे गेला आणि दोन्हींसाठी 'ठराव' म्हणाला, पण तो ठराव भयंकर आहे हेही त्यानेच लिहिलं. मी सुधारित बाजूचा असूनही सांगतो, ९:२२ मधून सरळ दुहेरी नेमणूक काढणं घाईचं आहे.

केळीचा_लोंगर
हे लिहून घेते, तारखेसकट!

तिसऱ्या बैठकीत कोणीतरी 'आपल्या मंडळीचं अधिकृत मत काय' असं विचारणारच. तुमची मंडळी 'उत्तर भारताची मंडळी' (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) या संयुक्त मंडळीत असेल, तर तिचा इतिहास सांगा. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला ती एक झाली, तेव्हा अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन वारशाचे, ब्रिटिश मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, ब्रदरन असे सगळे एका छताखाली आले. कॅल्व्हिनचे नातू आणि वेस्लीचे नातू तेव्हापासून एकाच बाकावर बसतात.

सातपुडा_पायथा
आखणी उतरवून घेतली. शेवटचा प्रश्न भाषेचा. म्हातारी माणसं अहिराणीत बोलतात. 'लिखेल' हा शब्द काढायचा तर तिथे काय ठेवू? 'देवनी निवडेल' चालेल?

दोंडाईचा_नाका
'लिखेल'पेक्षा बरा. निवडणारा कोणीतरी आहे, हे त्यात येतं. कपाळावर लिहिलेलं असलं की लिहिणारा विसरून जातो.

गिरणाथडी
चालेल, पण आपल्याकडे 'निवडेल' म्हटलं की बियाणं डोळ्यापुढे येतं. ज्वारीची भरदार कणसं बाजूला काढायची, पोचट फेकायची. ऐकणारा लगेच म्हणेल, म्हणजे आम्ही भरदार. म्हणून तो शब्द पहिल्यांदा वापराल तेव्हाच जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकातलं ७:७ वाचा. तिथे इस्राएलाला सांगितलंय की तुम्ही संख्येने जास्त होता म्हणून निवडलं नाही, तुम्ही तर सगळ्यांत थोडे होता. आठव्या वचनात कारण दिलंय, तेही वाचा, आणि कणसांचा दाखला कोणी दिलाच तर तिथल्या तिथे मोडा. पुढच्या बुधवारपर्यंत ठेवलात तर तो रुजलेला असेल.